मोकळा हॉल

हाडांच्या दवाखान्यात नंबर येईपर्यंत मागच्या बाकावरच्या भावाबहिणीचं ऐकण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं.

"दादा, बाबा कुठेत?"

"एक्स-रेला नेलंय."

"पडले कशाने?"

"काय सांगू! हॉलच्या मधोमध पडले. अडखळायला काहीसुद्धा नव्हतं गं, सगळं मोकळं करून घेतलंय ना."

"तू पाडलीस त्याच भिंतीला धरधरून ते बाथरूमला जायचे."

"मला वाटायचं, सवय आहे त्यांची."

"त्यांना नीट दिसत नाही. दादाला सांगू नकोस म्हणाले होते."

"आणि तू गप्प बसलीस?"

"तू केवढ्या हौसेनं नवं केलेलं घर दाखवत होतास!"

"पण त्यांनीही कौतुक केलं. किती छान उजेड आला, म्हणाले."

"कुणीकडे तोंड करून म्हणाले, आठव जरा."