ब्रेक का ओरडत होते

हसायचं न्हाय हं, तरच सांगते. लायसन हातात येऊन दोन महिने झालते. मला निपाणीहून एकटीनं गाडी घेऊन माहेरी, उचगावला जायचं होतं. पण मी चालवायला लागले की मागची चाकं चींऽऽ करून ओरडायची. आमचे हे म्हणायचे, "ब्रेक ओरडत्यात तवर हायवेवर एकटीनं जायचं न्हाय."

शेवटी दोघं गॅरेजात गेलो. मेकॅनिकनं एकट्यानं गाडी फिरवून आणली. आवाज न्हाय. मला एकटीला फिरवायला लावली, तरी न्हाय. मग हे माझ्या शेजारी बसले, मेकॅनिक मागं. समोरनं पहिला ट्रक आला आणि चींऽऽ!

मागनं मेकॅनिक म्हणाला, "अण्णा, तुमचा उजवा हात कुठं हाय?"

हात हँडब्रेकवर! ट्रक दिसला की हे हळूच तो वर ओढायचे. दोन महिने!

"मुद्दाम न्हाय गं," हे म्हणाले. "भ्या वाटलं की हात आपोआप जातोय."

मला असा राग आला म्हणता! मेकॅनिकनं मागची चाकं खोलली, तापून गुळगुळीत झालेले ब्रेकचे लायनर पॉलिश पेपरनं घासले आणि म्हणाला, "आक्का, आवाज गेला. परत येऊ नये असं वाटत असंल तर अण्णास्नी घरात ठेवा."

रविवारी ठेवले. उचगावपर्यंत ब्रेकनं चूं केलं न्हाय. ह्यांचा फोन तेवढा सारखा ओरडत होता. म्हटलं, ओरडू दे!