नाही म्हणायची मुभा

—तो पेपर ठेवा आधी बाजूला. ठेवा म्हटलं ना! त्या लोकांनी माझा अर्ज अडवलाय, आणि तो तुमच्यामुळे. हो, तुमच्यामुळे! तुम्ही काय केलंत? काहीच नाही केलंत, तोच तर घोळ आहे. अहो, युनिव्हर्सिटीचा नियमच आहे — जित्याजागत्या माणसांना प्रश्न विचारून पीएचडी करायची, तर आधी एथिक्स कमिटीपुढे उभं राहायचं, आणि कुणाला त्रास होणार नाही, कुणावर जबरदस्ती होणार नाही, हे त्यांना पटवून द्यायचं. गेले मी नवा चष्मा घालून. टेबलापलीकडे कमिटी, अलीकडे मी, आणि कोपऱ्यात माझा गाईड — वयानं माझ्या धाकट्या भावाएवढा, माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला. विषय काय, म्हणाले. म्हटलं, पुरुष निवृत्त झाले की घरात बोलेनासे का होतात. माना डोलल्या. सगळं कसं सुरळीत चाललेलं — आणि त्यांच्यातल्या वकीलबाईंनी माझ्या यादीवर बोट ठेवलं. हे शेवटचे गृहस्थ कोण? म्हटलं, आमचे हे.

तर म्हणतात, यांना वगळा, घरच्या माणसाला मोकळेपणी नकार देता येत नाही. मला हसूच आलं. म्हटलं, मी काय वाघीण आहे? हवं तेव्हा नाही म्हणतात ते! तर बाई शांतपणे विचारतात, शेवटचं कधी म्हणाले? — आणि मी, वर्गात शिकवताना शेवटच्या बाकावरच्या डुलकी घेणाऱ्यालाही दचकवणारी मी, त त प प! आठवेचना हो. हे घर कुणी ठरवलं? मी. लेकीचं कॉलेज? मी. ते भिंतींचे रंग? बोलायलाच नको. तुमचं आपलं एकच, "बघ तुला काय वाटतं ते." आणि मी इतकी वर्षं मैत्रिणींना ऐटीत सांगतेय की आमच्याकडे सगळं दोघांच्या विचारानं होतं. — हसू नका. म्हणजे, हसा. हसलात तर बरंच आहे.

तर अध्यक्षांना माझी दया आली. म्हणाले, ते खरोखर नाही म्हणू शकतात असं दिसलं, तर पुन्हा विचार करू. उद्याच बोलावलंय. म्हणून हा मोबाईल आपल्या दोघांत ठेवलाय, रेकॉर्डिंग चालू आहे, उद्या त्यांना ऐकवते. हं, चहा घेणार? — अहो, कप काय पुढे करताय, नाही म्हणायचंय! बरं, सोपं विचारते. माझी बहीण महिनाभर राहायला येतेय, चालेल? — मान डोलावली! ती आली की तुमचं डोकं दुखायला लागतं, हे या खुर्चीलासुद्धा ठाऊक आहे, आणि मान डोलावली! जाऊ दे. हे संमतिपत्र घ्या. यात स्पष्ट लिहिलंय, कारण न सांगता नकार देता येईल, मध्येच उठून जाता — अहो! सही काय करताय? वाचलंत तरी का? — नाही वाचलं. माझ्या हातात कागद दिसला की यांची सही तयार. झालं! वकीलबाई जन्मभर शोधत बसल्या असत्या तरी याहून पक्का पुरावा त्यांना मिळाला नसता.

खरं सांगू? यादीतले बाकीचे सगळे नुसते भरतीला आहेत. मला ऐकायचंय ते तुमचं. अहो, बसस्टँडवर माईकवर तुम्ही बोलायचात तेव्हा सगळं शहर कान देऊन ऐकायचं — कुठली गाडी सुटतेय, कुठलं पोर चौकशीच्या खिडकीपाशी रडतंय. आणि निवृत्त होऊन घरी आलात ते मिठाची गुळणी धरूनच. आधी वाटलं, थकलेत. मग वाटलं, माझ्यावर राग आहे. नवरा बोलेनासा झाला तर दुसरी कुणी जवळ बसून विचारेल, अहो काय होतंय? मी काय केलं, पीएचडीला नाव घातलं! विचारायचा धीर होईना म्हणून प्रश्नावली केली. छापील! भीती वाटते हो मला. दिवसभर या घरात माझाच आवाज घुमतो, त्याची.

तर आता नीट विचारते. ती सही धरत नाही मी. माझ्या अभ्यासात भाग घ्याल? — काय? परत म्हणा. — नाही? नाही म्हणालात? म्हणालात! रेकॉर्ड झालं का? झालं! आता कमिटी तुम्हाला नक्की घेऊ देईल — पण तुम्ही तर नाही म्हणालात. मग घेऊ कशी? अहो, नाही म्हणायला आत्ताचाच मुहूर्त सापडला?

— अं? माईक? कुठला माईक? हा मोबाईल होय. — आयुष्य माईकपुढे गेलं, आता नको म्हणता? — आणि हा नसला तर? हा नसला तर बोलाल?

थांबा. हे यादीतलं नाव खोडलं. हे रेकॉर्डिंग पुसलं — तसंही मंजुरीआधीच केलेलं, वकीलबाईंनी मलाच आरोपी केलं असतं. आणि हा मोबाईल बंद. बोला आता. मी? मी नाही मध्ये बोलणार. एक शब्द नाही. म्हटलं ना, नाही बोलणार — हे बघा, गप्प बसले, अगदी —