बिघाड चार्जरचाच आहे

— आणि वर त्याला दिवा! हिरवा म्हणजे चालू, लाल म्हणजे बिघाड, आणि निळा म्हणजे काय, तर म्हणे वाट बघतोय. भिंतीला टांगलेला डबा कसली वाट बघतो हो? तुमच्या आधी एक शहाणा येऊन गेला — गळ्यात ओळखपत्र, हातात हे एवढं मोठं यंत्र — चार्जर बंद केला, चालू केला आणि मला म्हणाला, झालं आजोबा. आजोबा! दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा उपाशीच. तुम्ही निदान झाकण तरी उघडलंत. अर्थिंग बघितलंत? ठीक? वायर? तीही ठीक? वा! म्हणजे सगळं ठीक, फक्त गाडी चार्ज होत नाही. धन्य आहे तुमची.

माझी नाही हो गाडी. हिची, माझ्या बायकोची. तिनेच बोलावलंय तुम्हाला, मी कशाला बोलावतोय. शाळेतून निवृत्त झाली — लोक या वयात गुडघे धरून बसतात, ही गाडी शिकायला गेली. मी म्हटलं, आता? तर सरळ गाडी घेऊनच आली, आणि रंग कुठला, तर लिंबाचा! बहिणीची रोपवाटिका आहे पलीकडच्या गावात, तिथे जाते. दिवसभर कुंड्या भरते आणि संध्याकाळी नखांत माती घेऊन गुणगुणत घरात शिरते. मला म्हणते, तुम्हीपण चला की. मी? या खेळण्यात बसू? इंजिनाचा आवाज नाही, काही नाही — दारातून निघून गेली तरी घरात कळत नाही. पूर्वी माझी जुनी गाडी सुरू झाली की अख्ख्या गल्लीला कळायचं. गाडी अशी असावी.

मोबाइलमध्ये काय बघताय मघापासून? रात्री चार्जरची वीज जाते आणि पहाटे परत येते? मग जात असेल. आमच्याकडची वीज म्हणजे काय, लहरी कारभार — काय? घरातली नाही जात, फक्त याचीच जाते? मोठं चुगलखोर आहे हो तुमचं यंत्र! बरं, मीच बंद करतो. त्या मीटरच्या कपाटातला खटका. किल्ली माझ्याकडेच असते, त्यात लपवायचं काय? सवय आहे मला. गॅस बंद, नळ बंद, खटका बंद, मग अंथरूण. रात्रभर वीज खेळवत ठेवायची म्हणजे काय चेष्टा आहे? — फ्रिज? फ्रिज कसा बंद करीन, दूध नासेल ना! एवढा खुळा दिसतो मी? आणि पहाटे उठून करतो की चालू. तिला कशाला सांगायचं, उगाच डोक्याला ताप. — मंगळवारी? मंगळवारी पूर्ण चार्ज झाली, मग? मंगळवारी कशाला बंद करीन, बुधवारी ती घरीच अस —

तुम्ही तुमचं झाकण लावा. माझ्या तोंडाकडे काय बघताय, चार्जर तिकडे आहे. तुम्हाला काय जातं हो बघायला! उद्यापासून ती तिकडेच राहणार आहे. बहिणीच्या घरात वरची खोली रिकामी आहे म्हणे, छान उजेड येतो म्हणे, रोज जा-ये करायचा कंटाळा येतो म्हणे. रविवारी येईन म्हणाली. रविवारी! पाहुणी आहे का ती? आम्ही काही फार बोलतो अशातला भाग नाही. पण पलीकडच्या खोलीत भांडं पडतं, कपाट वाजतं, कुणावर तरी चिडलेली असते, बहुतेक माझ्यावर — ते ऐकू येत असलं की मी निवांत पेपर वाचतो. ती नसली की तेच पान पुन्हा पुन्हा वाचत बसतो. मला भीती वाटते हो या घरात. झालं समाधान? गाडी चार्ज नसली की ती आदळआपट करते, चार्जरला शिव्या घालते, मग दोघांचा चहा टाकते आणि दिवसभर घरी असते. एवढंच.

थांबा. जिन्यावर पाऊल वाजलं. तीच. हे बघा, आतला काहीतरी भाग गेलाय म्हणा. बाहेरून मागवावा लागेल, वेळ लागेल म्हणा. एरवी तुम्ही लोक दारोदार हेच सांगता की, एकदा माझ्यासाठी सांगितलंत तर काय — अगं, ये ना. हो, सापडला म्हणे बिघाड. मला काय विचारतेस, मला काय कळतंय यातलं? हे उभे आहेत ना, यांना विचार. सांगा हो. काय झालंय चार्जरला? — सांगा ना. इतका वेळ मी एकटाच बोलतोय.