एकतीस जण खेकडा पाहत होते

दि. ११/१२/२०२४

नाव वसुंधरा जितेंद्र राणे, वय ३९ वर्षे, व्यवसाय गृहिणी व शिक्षण, बी.एस्सी. दुसरे वर्ष, जीवशास्त्र, ऑनलाईन, राहणार बोळिंज, विरार पश्चिम.

मी समक्ष हजर राहून सांगते की, आमचे प्रात्यक्षिक मोबाईलवर होते. पुठ्ठ्याच्या चष्म्यात मोबाईल अडकवून डोळ्यांना लावला की मान वळवू तिकडचे दिसते. आमच्या प्राध्यापिका विनिता चुरी मॅडम राजोडीकडच्या खाडीत, तिवरांत कॅमेरा उभा करून तिथून शिकवतात. माझे यजमान याला आंधळी कोशिंबीर म्हणतात, ते असो.

आज सकाळी ११ वाजता तास सुरू झाला. आम्ही बत्तीस विद्यार्थी होतो. मॅडमनी समोरच्या खेकड्याचा मोठा डेंगा, म्हणजे नांगी, पाहायला सांगितला. मला खेकड्यांची किळस येते. जीवशास्त्र घेऊन किळस कसली, असे जबाब लिहून घेणाऱ्या पोलीस साहेबांनी विचारले. येते, त्याला मी काय करू? म्हणून मी गुपचूप मान मागे फिरवली.

मागे मॅडम मांडीपर्यंत चिखलात रुतल्या होत्या आणि भरतीचे पाणी चढत होते. तरी त्या शिकवतच होत्या. मध्येच "एक मिनिट हं" म्हणून पाय ओढायच्या, की आणखी खाली जायच्या. मुले घाबरतील म्हणून बोलले नाही, असे त्यांनी नंतर सांगितले. त्याचा मला अजून राग आहे. मी हात पुढे केला, तो आमच्या फ्रिजवर आपटला. ओरडले, पण आमचे माईक बंद होते.

फोन करायचा तर मोबाईल चष्म्यातून काढावा लागणार, आणि काढला की मॅडम दिसणार नाहीत. घरात दुसरा फोन नव्हता. मी तशीच उभी राहिले. किती वेळ, ते सांगता येत नाही. मग मोबाईल काढला.

११.२५ वाजता ११२ ला फोन केला व लगेच वर्गातल्या सालोमी लोपीसला, कारण तिचे घर खाडीजवळ आहे. तिचाही फोन डोळ्यांसमोरच असल्याने पहिल्याच रिंगला उचलला. "काय ताई, खेकडा बगते ना मी," म्हणाली. मी म्हटले, "खेकडा सोड, मॅडम रुतल्यात." त्यावर ती, "देवा, पानी भरतय! पप्पाला घेऊन जाते," म्हणून धावली.

त्यानंतर परत चष्मा लावायचे धाडस होईना. ११.५० वाजता लावला. मागे मॅडम नव्हत्या, नुसते पाणी होते. मान फिरवत गेले तर त्या बांधावर बसलेल्या दिसल्या, छातीपर्यंत चिखल. सालोमीचे वडील फळी आणि दोर आवरत होते, सालोमी मॅडमची पाठ चोळत होती. पोलीसही पोहोचले होते. इतके हलके मला कधी वाटले नव्हते.

मॅडमनी सर्वांचे माईक उघडले व हजेरी घेतली. माझे नाव आले तेव्हा मला हजर म्हणता येईना, मी रडत होते. मॅडमनी दोनदा नाव घेतले, मग नुसत्या थांबल्या. पुढच्या नावावर गेल्या नाहीत.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. वरील मजकूर साहेबांनी मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. रडल्याचे वाक्य काढायचे का, असे त्यांनी विचारले. राहू द्या म्हटले.