आमच्याच गेमची भेट

हसायचं नाही हं, पण मी आणि माझा मित्र सुध्या एके काळी लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरतात त्या फुकटच्या सिस्टिमवर, गेम विकायला निघालो होतो. विंडोजवर तुफान चाललेला, गाड्यांच्या शर्यतीचा परदेशी गेम होता तो. तेव्हा हैदराबादेत कंप्युटरवाल्यांना नोकऱ्या चालून येत होत्या आणि आम्ही हातातल्या सोडल्या! हक्क विकत घेतले आणि विद्यानगरच्या खोलीत आठ महिने डोकेफोड करून गेम लिनक्सवर पळवला.

नारायणगुड्यात दर रविवारी लिनक्सवाले जमायचे. तिथे गेम दाखवला, तर टाळ्या काय, शिट्ट्या काय! सुध्या माझ्या कानात म्हणाला, "आता गाडी घ्यायची. खरी."

त्या दिवशी एकच सीडी खपली. ती घेतली सिकंदराबादच्या रेल्वेतल्या रावगारूंनी, म्हणजे आपल्या भाषेत रावसाहेबांनी. म्हटलं, चला, बोहनी तर झाली.

पुढच्या रविवारी आम्ही दोन खोकी भरून सीड्या नेल्या. बघतो तर रावगारू दारातच उभे, येईल त्याच्या हातावर एकेक सीडी ठेवतायत. लिनक्सवाल्यांचा रिवाजच तो, एकानं आणायचं आणि कॉप्या काढून सगळ्यांना वाटायचं.

सुध्या किंचाळला, "अहो, ही विकत घ्यायची असते!"

"लिया ना मैं!" म्हणत रावगारूंनी प्रेमानं आमच्याही हातात एक कोंबली. "तुम लोगां बी रखो. तुम्हारी वाली में आवाज अटक रई थी, मैं ठीक कर दिया."

घरी येऊन लावली. आवाज खरंच अटकत नव्हता हो!

दुसऱ्या दिवशी सुध्या त्यांच्याकडून आणखी एक मागून घेऊन आला, भावासाठी.