वरण कोणी शिजवलं

हॅलो?… हॅलो, देवरावमामा काय?… मामा, मी पायल. अमरावतीहून. तुमच्या गावच्या आशाबाईची पोरगी, अनुपदादाची आतेबहीण… हो, तीच. मामा, एकच विचारायचं हाये. अनुपदादाले मारायच्या आधी तुमी त्याले एक तरी प्रश्न विचारला होता काय?

…नाई, आईनं नाई सांगितलं विचारायले. माह्या मैत्रिणी म्हणे, तुह्यात हिंमत नाई, तू फोनवर स्वतःचं नाव सांगतानाही अडखळतं. म्हणून विचारून राहिली. दोघी इथंच बसल्या हायेत.

…ओरडा. ओरडून घ्या. मी फोन ठेवत नाई.

…हो, पाहिला. सगळ्या ग्रुपवर फिरून राहिला तो व्हिडिओ. अकोल्याच्या भाजीबाजारात सकाळी माल उतरून राहिला, दादा फुलकोबी मोजून राहिला, अन् तुमी मागून आले. हातात लोखंडी दांडा. पहिला फटका खांद्यावर. दुसरा कोपरावर. त्याचा आवाज येते मामा व्हिडिओत, ओली फांदी मोडल्यासारखा. मग तो खाली पडला. पडल्यावरचे नऊ. मी मोजले.

…बंडूमामाचं काय सांगता? तुमचा भाऊ काय करून राहिला होता ते पाहिलं मी. दादाच्या तोंडातून रक्त चाललं, अन् बंडूमामा फुलकोबीचे गड्डे बाजूले सरकवून राहिला. खराब होऊ नये म्हणून.

प्रतीक्षा, हात सोड माहा. मी बोलते ना.

हां मामा… हो, माहीत हाये कसे फोटो गेले. नका सांगू तोंडानं… हो, तुमच्याच नंबरवरून सगळ्या सोयऱ्यायले गेले. पण तुमी नाई पाठवले ना? तसंच दादानंही नाई पाठवले… अहो, ऐका ना…

काय?… तुमच्या मंजुषाताईले काय झालं?

…कोणाच्या फोनवर? तिच्या सासूच्या?

…कोणी, सासऱ्यानं?… कशानं?… उलथन्यानं. गरम… दोन्ही हातावर?

…मले हे कोणी सांगितलं नाई, मामा.

मोनाली, स्पीकर बंद कर. बंद कर म्हटलं ना.

…आता कुठं हाये ताई?… दर्यापूरलेच? तिथंच ठेवली तुमी तिले?… बापाचे असले धंदे म्हणून पोरीले डागलं त्यायनं. अन् तुमी दांडा घेऊन दर्यापूरले नाई गेले. अकोल्याले गेले.

…द्या शिव्या. पण हे ऐका आधी. दीड वर्ष रोज पहाटे गावच्या ग्रुपवर, दादाच्या नावानं, तुमच्या फोनवर भाजीचे रेट येत होते, बरोबर? कधी चुकले काय?… नाई ना. ते रेट पाठवते एक कॉम्प्युटरचा प्रोग्राम, अन् तसा प्रोग्राम कोणी एकटं बसून लिहीत नाई. त्यातलं बरंच लोकायनं आधीच लिहून, सगळ्यायसाठी फुकट ठेवलेलं असते. आपण ते घ्यायचं अन् जोडायचं… कसं सांगू? गावचा भंडारा असते ना, तसं. कोणी पीठ देते, कोणी लाकडं, कोणी कढईपाशी उभं राहते. पंगतीत बसल्यावर कोणी विचारते काय, वरण कोणी शिजवलं?… नाई विचारत. तसंच.

त्यातला एक तुकडा एका माणसाचा होता. कितीतरी वर्षं एकटाच सांभाळे. थकला. मग दुसरा आला, म्हणे, द्या, मी ढवळतो कढई. दोन वर्षं इमानदारीनं ढवळली. अन् एक दिवस त्यात जहर टाकलं… नाई, त्याचं नाव कोणालेच माहीत नाई. कोणत्या देशाचा तेही नाई. हजारो लोकायनं वाढून घेतलं ते वरण. त्या जहरानं आमच्या कॉम्प्युटरमधून तुमच्या ग्रुपवर मेसेज टाकायची चावी, म्हणजे पासवर्ड, चोरली. अन् आमच्या नावानं तुमाले मेसेज आला, ‘बाजाराचं नवीन ॲप घ्या’. तुमी दाबलं, तसा तुमचा फोन त्याच्या हातात गेला. ते घाण फोटो त्यानं पाठवले.

…हो. ‘आमच्या कॉम्प्युटरमधून’ म्हटलं मी. बरोबर ऐकलं तुमी.

…नाई, दादाच्या नाई.

…माह्या.

मामा? ऐकून राहिले ना?… तो प्रोग्राम माहा हाये. दादानं त्यातली एक ओळ लिहिली नाई. तो फक्त सकाळी बाजारातले रेट मले कळवे. नवीन तुकडा आला, घेऊ काय, असं कॉम्प्युटरनं मले विचारलं, अन् मी ‘हो’ दाबलं. क्लासले जायची घाई होती. काही वाचलं नाई.

…मग त्याचं नाव काहून टाकलं? हे तुमी विचारता? सुरुवातीले मी माह्याच नावानं पाठवले होते रेट. आठवते? पहिल्याच आठवड्यात तुमी पारावर म्हणाले, आता अकरावीतली पोरगी सांगन त्या रेटनं वांगे विकू काय आमी. सगळे हसले. मीही हसली, सुट्टीत आजोळी आली होती, तिथंच उभी होती. दुसऱ्या दिवशी दादाचं नाव टाकलं. रेट तेच होते मामा. पण ते तुमाले खरे वाटले.

…माहे हात? मोडा. अकराच्या अकरा फटके माह्या वाट्याचे होते, हे मलेही समजते. पण तुमी पोलिसात दादाचं नाव लिहून दिलं. उद्या दवाखान्यातच जबाब घेणार त्याचा, अन् तो हो म्हणणार हाये. उजवा हात मोडला, तं डाव्या हाताचा अंगठा लावीन म्हणते. माहं नाव येऊ नये म्हणून.

…काय?

…पुन्हा बोला. मोनाली, स्पीकर लाव. माह्या मैत्रिणींलेही ऐकू द्या.

…म्हणजे तक्रार हाये तशीच राहू द्यायची. मी पोरगी, माहं बारावीचं वर्ष, मले कशाले मधात घेता. अन् तुमी चुकीच्या माणसाले मारलं हे गावाले कळू नये, म्हणून मी गप्प बसू. हेच ना?

…वा मामा. तीन दिवस झाले, माही आई शब्दाले शब्द हेच म्हणून राहिली. फरक एवढाच, ते म्हणताना ती रडते.

…नाई ऐकणार. मंजुषाताईले सांगा, मी येऊन राहिली… हो, दर्यापूरले, तिच्या सासऱ्यापुढं. जहर कुठून आलं त्याचे सगळे कागद काढून आणते. वाचता येत नसन तं वाचून दाखवते… या तुमी दांडा घेऊन. आधी मी अकोल्याले पोलीस ठाण्यापुढंच भेटीन… नाई, आता तुमी नका बोलू. फोन ठेवून राहिली मी.

…

प्रतीक्षा, पाणी दे. …नाई, मी ठीक हाये. दार उघड ते.

आई. गॅस बंद कर अन् बाहेर ये. बाबा, तुमीही. तुमी दोघं दारामागं उभे होते, मले माहीत हाये, म्हणजे पुन्हा सांगायचं काम नाई. उद्या पहिल्या गाडीनं मी अकोल्याले जाऊन राहिली. दादाचा अंगठा लागायच्या आधी माही सही करायले. आई, तुह्या भावाचा पोरगा हाये तो. तू रडून घे, पण माह्यासंगं यायले साडी आजच काढून ठेव. बाबा, तुमी आले तं बरं. नाई आले, तरी मी चालली.