ईदच्या सुट्टीतलं पाणी

आखातातल्या अल अमेरातच्या दवाखान्यात रेसिडेंट कार्डाच्या रक्ततपासणीची रांग. माझ्यापुढे एक तरुण इंजिनिअर आणि त्याच्याच कंपनीतले वयस्क फिटर, तानाजीकाका.

“काका, आपल्या नव्या पाइपलाइनला भोकं पडली. तीन महिन्यांत!”

“स्टेनलेस स्टील ना ते?”

“हो ना! समुद्राच्या पाण्यातले बॅक्टेरिया. वेल्डिंगपाशी चिकटून थर करतात आणि थराखाली स्टील पोखरलं जातं.”

“म्हणजे वाळवीच की.”

“वाळवी परवडली, ती दिसते तरी. मी रिपोर्टमध्ये सरळ लिहिलंय, दोष बॅक्टेरियाचा.”

“बरं केलंत. ते काय उलटून बोलणार नाहीत.”

“म्हणजे?”

“पाइप गळतो का ते बघायला, टेस्टिंगला समुद्राचंच पाणी भरलेलं आपण. मी विचारलं, साहेब, ते काढून पाइप गोड्या पाण्याने धुऊन घेऊ? तुम्ही बॅग घेऊन निघालेलात. म्हणालात, खलास, आता ईदनंतर.”

“अहो, नऊच दिवस तर सुट्टी होती!”

“सुट्टी आपल्याला होती, साहेब. ते कामावरच होते.”

तेवढ्यात खिडकीतून इंजिनिअरचा नंबर पुकारला गेला.

“यल्ला, चला, नंबर आला तुमचा.”

“काका, रिपोर्ट अजून पाठवला नाहीये मी.”